वाघजाईचा कोंबडा

चिंगी अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली तेव्हा शालूबाईच्या हातात एक भाकरी होती आणि तव्यावर एक. दारातनं तिनं चिंगीला बघितलं होतं. पण बघितलंच नाही असं दाखवायला चुलीसारखी सोय नाही. तिनं तव्यावरची उलटली, निखाऱ्याला लावली, सावकाश फुगू दिली आणि पुढची थापायला घेतली. चिंगी उभीच. तान्हं पोर पाठीशी बांधलेलं, ते लुगड्याचा काठ चोखत होतं.

"कोण हाय गं?" शेवटी शालूबाईनं आतनंच विचारलं.

"मी हाय मावशी. चिंगी."

"मग ये की. भाईर कशापाई उभी?"

ये म्हटलं तरी चिंगी ओसरीला शिवणार नव्हती, आणि ये म्हणणारीलाही ते पक्कं ठाऊक होतं. ठाकरवाडीचं माणूस अंगणाच्या कडेच्या दगडापर्यंत यायचं, तिथंच टेकायचं, तिथंच बोलायचं. चिंगी तर टेकलीही नाही.

"मावशी, कोंबड्या येत्यात राबात. बी समदं उकरत्यात. तुमी जरा त्यांची पखं छाटली तर लय बरं व्हईल."

"आमच्याच येत्यात कशावरनं? गावात काय कोंबड्या थोड्या हायती व्हय?"

चिंगीनं कुडाकडं बघितलं. परसाच्या कुडापलीकडंच तर राब. तिथं दुसऱ्या कुणाच्या कोंबड्या येणार? शालूबाईलाही बोलल्यावर बरं वाटलं नाही. पण शब्द गेला तो गेला.

"बघते," ती म्हणाली. "सांगते घरात."

तो राब म्हणजे शालूबाईच्या नवऱ्याच्या, कोंडाजीच्या परसामागचा, भाताचं रोप टाकायचा एक पट्टा, दोन बाजली टाकावीत एवढा. शिदू ठाकराचं खाचर वर उतारावर, तिकोणा गडाच्या अंगाला. तिथं भात लावता यायचं, पण रोप टाकायला मातीच नाही, सगळा मुरूम. म्हणून कोंडाजीनं त्याला हा पट्टा वापर म्हटलेलं. त्याबदली शिदू आणि त्याची बायको चिंगी लावणीला आणि कापणीला आधी कोंडाजीच्या बांधावर यायची, मग स्वतःच्या. असं मेहरबानीचं दिलेलं असलं की माणसाला भांडायची चोरी होते. चिंगीनं उन्हाळाभर डोंगरातनं पाला वाहून आणला, शेणी पसरल्या, राब भाजला, घरात जपून ठेवलेलं होतं नव्हतं ते बी त्यात टाकलं. आता ते मोड काढत होतं. मोडाचे दिवसच तेवढे वाईट. रोप चार बोटं वर आलं की कोंबडीचं भय सरतं.

दुपारी कोंडाजी जेवायला बसला. शालूबाईनं आमटी वाढली आणि विषय काढला.

"त्या चिंगीचं म्हणणं, कोंबड्यांची पखं छाटा."

"मग छाट की. त्यात इचारायचं काय?"

"तुमाला काय जातंय सांगाया. पखं छाटली की आढ्यावर चढत न्हाईत. खाली बसल्या की रानबोका येतो. गेल्या साली दोन न्हेल्या त्यानं."

"मग डालग्याखाली घाल रातच्याला." कोंडाजीनं भाकरी मोडली. "शिदू काय बोलणार न्हाई आपल्याला. पर आपून त्येला बोलाया लावायचं व्हय? छाट. आन् हे बघ, तांबड्याला हात लावायचा न्हाई."

तांबडा म्हणजे वाघजाईचा कोंबडा. गेल्या दिवाळीच्या सुमाराला मानमोडीचा ताप आला आणि घरटी माणूस गेलं. स्मशानात लाकडं पुरेनात. शालूबाईचा एकुलता एक महिपती तापात बरळायला लागला, आईला ओळखीना, तेव्हा ती डोंगरावरच्या वाघजाईपुढं जाऊन पडली. माझा पोर उठू दे, आखाडीला तुला पुरा कोंबडा देईन, असं ती मोठ्यानं बोलली. आणि महिपती उठला. पुरा कोंबडा म्हणजे काय ते मावळात लहान पोरालाही कळतं. देवीच्या नावानं सोडला की त्याला दावं लावायचं नाही, डालग्याखाली कोंडायचं नाही, पीस कापायचं नाही. तो लंगडा झाला, पंखानं उणा झाला तर देवी घेत नाही. आणि देवीनं घेतला नाही तर दिलेलं ती परत मागते. शालूबाईच्या मनात हे असं सरळ होतं. महिपती शेतावरनं यायला जरा उशीर झाला तरी ती आधी तांबडा कुठं आहे ते बघायची.

देवीची सुरी मात्र कोंडाजीच्या घराण्याकडं नव्हती, पाटलाकडंही नव्हती. तो मान ठाकरवाडीचा. आधी शिदूचा बाप भगत होता, आता शिदू. महिपतीच्या तापात अंगारा घेऊन शिदूच येऊन बसायचा. त्याच दिवसांत त्याची म्हातारी गेली. कोंडाजीच्या घरातनं कुणी वर गेलं नाही. घरात आजारी होतं हे खरं, पण नंतरही कुणी गेलं नाही.

दिवस कलताना कोंबड्या आत येऊ लागल्या. सून कस्तुराबाई एकेक कोंबडी धरायची, पंख पसरून द्यायची, आणि शालूबाई कातर चालवायची. एकाच बाजूचं छाटायचं. दोन्ही छाटले तर कोंबडी तोल सावरून उडते, एक छाटला की कलंडते. कडेची दोन पिसं राखायची आणि त्यांच्या आतली मोठी कापायची. मग पंख मिटला की कापलेलं दिसत नाही, कोंबडी ओंगळ वाटत नाही. हे शालूबाईला तिच्या आईनं शिकवलेलं. कोंबड्या हातात आधी फडफडायच्या, मग गप व्हायच्या आणि नुसती छाती धडधडायची.

"आत्याबाई, आन् तांबडा?" कस्तुरानं विचारलं.

"त्येचं नाव काढू नगं."

कुडाच्या फटीतनं चिंगी बघत होती. कोंबड्यांची पिसं पडताना तिचा चेहरा सैल झाला. मग तांबडा तोऱ्यात अंगणातनं चालत आला, आणि दोघी सासवासुना त्याला वाट द्यायला मागं सरल्या, तेही तिनं बघितलं. ती वर वाडीकडं निघाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता तांबडा कुडावर चढला, आरवला आणि पलीकडं उतरला. एकटा तर एकटा. दहा कोंबड्यांचं काम त्याच्या दोन पायांत होतं. भाजलेली भुसभुशीत माती, खाली गोड मोड. तो उकरायचा, मागं सरायचा, टिपायचा.

तेव्हापासून चिंगी राबाच्या बांधावर बसायला लागली. पोराची झोळी जांभळीच्या फांदीला टांगायची आणि हातात पाल्याची डहाळी घेऊन बसायचं. धोंडा मारायची सोय नव्हती. लागला, पाय मोडला, तर देवीचा कोप आणि कोंडाजीचाही. तांबडा आला की ती उठायची, डहाळी हलवायची, "हुड हुड" करायची. तो चार पावलं सरकायचा, मान वाकडी करून बघायचा आणि पुन्हा यायचा. सगळी वाडी पेठेच्या बाजूला बांधबंदिस्तीच्या मजुरीला जात होती. चिंगीची मजुरी बुडत होती. ती कोंबडा राखत होती.

शालूबाई हे रोज बघायची. धुणं वाळत घालताना, शेणी लावताना, कुडापलीकडं ती वाकलेली पाठ दिसायची. एकदा तिनं कस्तुराच्या हाती भाकरी आणि वर चटणी पाठवली. चिंगीनं ती घेतली आणि पाठ फिरवून खाल्ली. शालूबाईला त्या दिवशी फार बरं वाटलं. एका भाकरीवर आपल्याला एवढं बरं वाटावं, याचं तिला तेव्हा काही वाटलं नाही. नंतर वाटलं.

"देवाचा हाय गं तो, मी तरी काय करू?" असं ती कुडावरनं एकदोनदा म्हणालीही.

"व्हय मावशी," चिंगी म्हणायची.

रोप दोन बोटं वर आलं. आणखी थोडे दिवस काढले की झालं असतं. तेवढ्यात कामशेतच्या बाजाराचा दिवस आला. घरात मीठ नाही, पीठ नाही, आणि शिदू मजुरीला गेलेला. चिंगीला लाकडाची मोळी घेऊन जाणं भाग होतं. सकाळी मोळी डोक्यावर घेऊनच ती कुडाशी आली.

"मावशी, आजच्या दिस जरा नजर ठेवा. दिस मावळायच्या आत येते मी."

"जा तू बिनघोर. मी हाय न्हवं."

शालूबाईनं हे अगदी मनापासून म्हटलं. सकाळभर ती परसातच घुटमळली, दोनदा तांबड्याला हाकलून आलीही. मग उन्हं वर आली आणि आंबीहून तिची भावजय नंदाबाई आली, बैलगाडीनं, नवं लुगडं नेसून, महिपतीला बघायला.

नंदाबाईचा थाट वेगळा. तिचा नवरा तळेगावला व्यापाऱ्याकडं दिवाणजीच्या हाताखाली होता, त्यामुळं तिला सगळ्याच गोष्टींना नाक मुरडता यायचं. शालूबाईनं मागल्या ओसरीवर घोंगडी अंथरली, कस्तुराला चहा ठेवायला लावला. चहाची पूड अशा पाहुण्यासाठीच कामशेतहून आणून डब्यात ठेवलेली.

"वन्सं, पोरगं वाचलं हे लय झालं बाई. आमच्याकडं दोन गेली."

"वाघजाईची किरपा, वैनी. पुरा कोंबडा बोललेय. आखाडीला देणार."

"कुटं हाय? बघू तरी."

शालूबाईनं मान वळवली. कुडाच्या वरच्या अंगानं राब दिसत होता, आणि राबाच्या मधोमध तांबडा होता. ऊन त्याच्या मानेवर पडलेलं. तो उकरत होता, हिरवे मोड मातीसकट मागं उडत होते.

"त्यो काय," ती म्हणाली.

"अगं बाई, चांगलाच हाय की. कुणाचं वावर ते?"

"ठाकराचं हाय."

"मग चरंना का," नंदाबाई म्हणाली आणि बशीत चहा ओतला.

शालूबाईला उठायचं होतं. तिचे पाय उठायला झालेही. पण पाहुणीला बसवून, पदर खोचून, ठाकराच्या राबात कोंबड्यामागं धावायचं, आणि ते नंदाबाईनं आंबीत जाऊन सांगायचं, हे तिच्या जिवावर आलं. चहा झाला की उठू, असं तिनं ठरवलं. चहा झाला. मग नंदाबाईनं पानाचा बटवा काढला. मग तापाच्या गोष्टी निघाल्या, कोण गेलं, कोण राहिलं. शालूबाई हं हं करत होती आणि कुडाकडं बघायचं टाळत होती. गाडी निघून गेली तेव्हा उन्हं कलली होती. ती धावतच परसात गेली. तांबडा जांभळीखाली धुळीत अंग टाकून बसला होता. त्याला आता काही टिपायचं उरलं नव्हतं.

चिंगी आली तेव्हा शालूबाई कुडाशीच होती. चिंगीनं राब बघितला. पाठीवरच्या पोराला उगीचच थोपटलं.

"मावशी, तुमी व्हता न्हवं?"

"पाण्याला गेलते गं. घागर भरस्तोवर गेला बघ मेला. एवढ्यातच केलं त्येनं."

एवढ्यात एवढं होत नाही, हे चिंगीला कळत होतं. माती वाळली होती. मोड सुकून दोरे झाले होते. ती खाली बसली, एक मोड उचलला, बघितला.

"आसं व्हय," ती म्हणाली.

"आमचं रोप उरंल तेवढं देऊ की तुमाला. काळजी नगं करू."

चिंगी पुन्हा "व्हय" म्हणाली आणि मीठपिठाचं गाठोडं उचलून चढण चढायला लागली. शालूबाईला वाटत होतं, तिनं भांडावं, चार शिव्या हासडाव्यात. मग आपल्यालाही उलट बोलता आलं असतं.

सकाळी ती परसात आली तर राबात शिदू बसलेला. उकिडवा बसून कडेकडेची जगलेली रोपं हातानं सारखी करत होता. सगळी मिळून ओंजळ भरली नसती. तांबडा सवयीनं कुडावरनं पलीकडं उतरला आणि शिदूच्या पुढ्यातच उकरायला लागला. शालूबाई कुडाशी थबकली. शिदू उठला. त्यानं दोन्ही हातांनी कोंबड्याला अलगद उचललं, त्याच्या पायांची माती पुसली आणि कुडावरनं तिच्याकडं दिला.

"घ्या मावशी. देवीचा हाय, सांबाळा. हिकडं मुंगूस फिरतंय."

त्याच्या बोलण्यात कुठं खवट नव्हतं. तेच तिला सोसलं नाही.

ती कोंबडा घेऊन गोठ्यामागं गेली. कातर तिथंच वळचणीला खोचलेली होती. तिनं त्याला गुडघ्याखाली दाबलं आणि उजवा पंख ओढला. आईनं शिकवल्याप्रमाणं कडेची दोन राखून आतली सगळी कराकरा कापली. तिचे दात आवळलेले होते. "जातोस का? जा आता," असं ती पुटपुटत होती. शेवटचं पीस खाली पडलं तेव्हा तिला भान आलं. हातात वाघजाईचा कोंबडा होता, आणि पलीकडं राखायला राबही उरला नव्हता.

तिनं पिसं गोळा करून उकिरड्यात खोल पुरली. तांबडा पंख झाडून उभा राहिला. मिटल्यावर काही दिसत नव्हतं. कुडावर चढायला गेला आणि कलंडून पडला. घरातलं कुणी बघितलं नाही.

लावणी आली. शिदू आणि चिंगी इरली पांघरून कोंडाजीच्या खाचरात वाकलेली, गुडघाभर चिखलात. शालूबाई वाफ्यातनं रोप उपटून मुठी बांधत होती. चिंगीशी बोलायला गेलं की ती बोलायची, हसायचीही. आपलं सगळं लावून झाल्यावर कोंडाजीनं उरलेलं रोप शिदूला दिलं, पिवळं पडलेलं, उंच वाढून माना टाकलेलं. शिदूनं ते कपाळाला लावून घेतलं. त्यात त्याच्या खाचराचा एक कोपरा झाला. बाकीचं पडीक राहिलं, आणि ते शालूबाईला नदीवर जाताना रोज दिसायचं. चारी बाजूंनी हिरवं आणि मधे गढूळ पाणी.

पंखाचं ती कुणालाच बोलली नाही. पिसं आखाडीपर्यंत येणार नव्हती. दुसरा कोंबडा चालत नव्हता, कारण बोल ह्याच्या नावाचा. कोंडाजीला सांगावं म्हणून ती दोनदा त्याच्याजवळ जाऊन बसली आणि भलतंच काही बोलून उठली. महिपतीला एकदा साधं पडसं झालं, तर तिला घास गिळेना.

आखाडीला सगळं गाव वर चढलं. वाघजाई म्हणजे तीन तांदळे, शेंदूर माखलेले अनघड दगड, आणि वर उंबराचं झाड. पाऊस थांबला होता पण झाड गळत होतं. महिपतीनं कोंबडा आणला होता. वाटेत शालूबाई म्हणाली, "म्हायपत," आणि तो "काय गं?" म्हणाला, आणि ती म्हणाली, "पाय बघून टाक, निसरडं हाय."

रीत अशी की कापायच्या आधी भगतानं कोंबडा चौघांपुढं धरायचा, पाय धुवायचे, दोन्ही पंख उघडायचे आणि देवीला सांगायचं, पुरा आहे. शिदू न्हाऊन आला होता, कपाळाला भंडारा. त्यानं कोंबडा घेतला. डोळे बघितले, तुरा बघितला, पाय धुतले. डावा पंख उघडला. चांगला हातभर उघडला, लोकांनी बघितला. मग त्यानं उजवा धरला.

शालूबाई बायकांच्या पुढं उभी होती. शिदूची बोटं पिसांतनं गेली आणि थांबली. पंख त्यानं अर्धाच उघडला, स्वतःच्या छातीकडं. मान वर केली आणि नेमकं तिच्याकडं बघितलं. ती नजर काढून घेऊ शकली नाही. आता हा बोलणार, राबाचं सगळं इथं निघणार, आणि महिपतीसमोर निघणार, एवढंच तिला कळत होतं.

"पुरा हाय," शिदू देवीकडं तोंड करून म्हणाला, आणि त्यानं सुरी चालवली.

लोक पांगले, चुली पेटल्या. शिदू बाजूच्या दगडावर कोंबडा सोलायला बसला. ते काम एरवी बायका करतात. आज त्यानं कुणाला दिलं नाही. शालूबाई जवळ गेली तर तो उजव्या पंखाची कापलेली खुंटं एकेक उपटून कमरेच्या धडप्यात खोचत होता. पलीकडं चिंगी त्याच्या आडोशाला बसलेली. तिनं शालूबाईकडं बघितलं आणि पोराला पदराखाली घेतलं.

"शिदू," शालूबाई म्हणाली. "तू देवीफुडं..."

"हळू बोला, मावशी."

"आरं पर खोटं बोललास तू. माज्यापाई. तिनं परत मागितलं तर?"

शिदूनं हात पाण्यात बुडवले आणि उठला.

"म्या तिला सांगितलंय, खोटं म्या बोललोय. दोष ठेवायचा तर माज्या घरावर ठेव. तुमच्या म्हायपतकडं न्हाई बघायची ती."

चिंगीचं पोर पदराखाली चुटचुट करत पीत होतं. चिंगी शालूबाईकडंच बघत होती, वाट बघत असल्यासारखी. शालूबाईनं तिच्याकडं बघितलं, पोराच्या बाहेर आलेल्या पायाकडं बघितलं. नको म्हणावं असं तिच्या ओठावर आलं. तिकडं चुलीशी महिपती लाकडं फोडत होता, दंडात ताकद आलेली, कस्तुराला काहीतरी बोलून हसत होता.

"बरं," शालूबाई म्हणाली, आणि चुलीकडं गेली.